कीर्तीचे भांडवल आणि मुके जीव

गुरांच्या क्षयरोगाला आवर घालण्यासाठी इंग्लंडमध्ये होणारी बॅजर या वन्यप्राण्याची कत्तल चालू संसदेची मुदत संपण्यापूर्वी थांबविली जाईल, अशी घोषणा तेथील शासनाने ३० ऑगस्ट २०२४ रोजी केली. त्या घोषणेत मागील दशकाचा हिशेबही दिलेला होता. २ लक्ष ७८ हजारांहून अधिक गुरे सक्तीने मारावी लागली, २ लक्ष ३० हजारांहून अधिक बॅजर बळी पडले आणि करदात्यांवर दरवर्षी १० कोटी पौंडांहून अधिक बोजा पडला. या कत्तलीविरुद्ध अनेक वर्षे सर्वांत ठळकपणे ऐकू आलेला आवाज कोणा प्राणिशास्त्रज्ञाचा नव्हता, शेतकऱ्याचा नव्हता, राजकीय पुढाऱ्याचाही नव्हता. तो होता ‘क्वीन’ या विख्यात रॉक वाद्यवृंदातील गिटारवादक ब्रायन मे यांचा. शासनाच्या निर्णयाचे श्रेय एका व्यक्तीला देणे अर्थातच अनुचित ठरेल. सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यातच तसे आश्वासन होते. परंतु शास्त्र, शेती आणि राजकोष यांच्याशी निगडित असलेल्या प्रश्नात एका वादकाच्या शब्दाला किती किंमत द्यावी, हा प्रश्न त्यानिमित्ताने विचार करण्याजोगा आहे.

मे यांचा जन्म १९ जुलै १९४७ चा, लंडननजीकच्या हॅम्प्टनमधला. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार आणि सरकारी नोकरीत. उत्तम प्रतीची गिटार विकत घेणे परवडणारे नव्हते, म्हणून १९६३ मध्ये बापलेकांनी ती घरीच तयार करावयास घेतली. एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड, जुन्या मोटारसायकलच्या झडपांच्या स्प्रिंगा, आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या अशा साहित्यातून सुमारे दोन वर्षांनी जे वाद्य सिद्ध झाले, त्याच्याच साथीने मे यांनी पुढे जग जिंकले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि सूर्यमालेतील धूलिकणांवर संशोधन आरंभिले. दरम्यान १९७० मध्ये ‘क्वीन’चा जन्म झाला होता. या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फरोख बुलसारा. त्याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले होते. वाद्यवृंदाला यश मिळू लागले तसे संशोधन मागे पडले. १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गीत आणि १९८५ मध्ये वेम्बली येथे आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी झालेला ‘लाइव्ह एड’चा कार्यक्रम ही त्या यशाची शिखरे होत. १९९१ मध्ये मर्क्युरीचे निधन झाले.

यापुढील आयुष्य जुन्या गीतांच्या पुण्याईवर सुखेनैव घालविता आले असते. परंतु मे यांनी तीन दशकांपूर्वी अर्धवट सोडलेला प्रबंध पुन्हा हाती घेतला आणि २००७ मध्ये, वयाच्या साठीला, डॉक्टरेट मिळविली. ही केवळ एक कौतुकाची गोष्ट नव्हे. पुरावा गोळा करणे आणि तो इतरांच्या परीक्षेला उतरविणे या शिस्तीशी हा कलावंत परिचित होता, हे त्यांच्या पुढील कार्याचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

शिकारी कुत्र्यांकरवी कोल्ह्यांची शिकार करण्यास बंदी घालणारा कायदा ब्रिटिश संसदेने २००४ मध्ये संमत केला. २०१० च्या निवडणुकीच्या सुमारास तो रद्द होण्याची चिन्हे दिसू लागताच मे यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेला त्यांनी आपल्याच एका गीताचे, ‘सेव्ह मी’ हे नाव दिले. पाठोपाठ बॅजरचा प्रश्न पुढे आला.

बॅजर हा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, बिळे करून कळपाने राहणारा आणि प्रामुख्याने गांडुळांवर जगणारा निशाचर प्राणी. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशायरमध्ये एका मृत बॅजरच्या शरीरात गुरांच्या क्षयाचे जंतू आढळले आणि तेव्हापासून तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. आरोप तपासण्यासाठी १९९८ पासून काही वर्षे शास्त्रशुद्ध प्रयोग करण्यात आला. त्यात सुमारे ११ हजार बॅजर मारले गेले. निष्कर्ष विलक्षण होता. जेथे हत्या झाली त्या क्षेत्रात गुरांमधील रोग काहीसा घटला, पण त्याच्या सीमेबाहेर तो वाढला. कारण कळप विस्कटले की उरलेले प्राणी दूरवर भटकू लागतात आणि रोगही आपल्यासोबत नेतात. बॅजरच्या हत्येने रोगनियंत्रणाला अर्थपूर्ण हातभार लागणार नाही, असा अभिप्राय शास्त्रज्ञांच्या स्वतंत्र गटाने २००७ मध्ये दिला. तरीही २०१३ मध्ये सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशायर येथे कत्तलीला प्रारंभ झाला. मे यांच्या पुढाकाराने शासनाकडे गेलेल्या निवेदनावर ३ लक्षांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. त्याचा उपयोग झाला नाही.

या प्रश्नाला अर्थशास्त्राची एक बाजू आहे आणि ती भावनेइतकीच महत्त्वाची आहे. गाईला बाजारात भाव असतो, म्हणून तिच्या मृत्यूची नोंद हिशेबाच्या वहीत होते आणि भरपाईही मिळते. बॅजरला भाव नाही. त्याचा मृत्यू कोणत्याच वहीत खर्ची पडत नाही. ज्या वस्तूची किंमत शून्य मानली जाते तिची उधळपट्टी ठरलेलीच. शिवाय गुरांची चाचणी अधिक कसोशीने करणे, रोगी जनावर लवकर हुडकणे, गोठ्याची व्यवस्था बदलणे हे उपाय खर्चिक आणि डोळ्यांत न भरणारे आहेत. बंदूक मात्र दिसते, तिचा आवाज होतो आणि शासन काही तरी करीत असल्याचे समाधान मिळते.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले गोधन डोळ्यांदेखत कत्तलखान्यात जाते आणि खरेदीविक्रीवर निर्बंध येतात, तेव्हा शेतकऱ्याचे दुःख केवळ भरपाईच्या रकमेने शमत नाही. धनाढ्य कलावंताने पहाटे गाईचे दूध काढलेले नसते, मग त्याने आम्हांला भूतदया का शिकवावी, हा त्यांचा प्रश्न उद्धट म्हणता येणार नाही. मे यांचे मोठेपण असे, की हा प्रश्न त्यांनी झटकून टाकला नाही. निदर्शनांवर न थांबता ते डेव्हन परगण्यातील, रोगाने वर्षानुवर्षे ग्रासलेल्या एका दुग्धशेतीवर गेले आणि तेथील शेतकरी व पशुवैद्य यांच्यासमवेत काम करू लागले. प्रचलित चाचणीतून निसटणारी रोगी गुरे कळपातच राहतात आणि शेणावाटे रोग गाईकडून गाईकडे पसरतो, असे प्रतिपादन त्या अनुभवातून पुढे आले. ऑगस्ट २०२४ मध्ये बीबीसीने दाखविलेल्या माहितीपटात ते सविस्तर मांडले गेले.

या प्रतिपादनाने वाद मिटला, असे मात्र नव्हे. एका गोठ्याचा अनुभव हा साऱ्या देशासाठी सिद्धान्त होऊ शकत नाही. कत्तल झालेल्या क्षेत्रांत चौथ्या वर्षापर्यंत गुरांमधील रोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले, असे शासकीय शास्त्रज्ञांचा २०२४ चाच एक अभ्यास सांगतो. ही घट कत्तलीमुळे झाली की सोबत योजलेल्या अन्य उपायांमुळे, हे मात्र त्या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

तात्पर्य एवढेच, की कीर्ती हे एक भांडवल आहे. बहुतेक कलावंत ते साबणाच्या किंवा शीतपेयाच्या जाहिरातीत गुंतवितात आणि त्यावर व्याज खातात. ज्यांना मत नाही, क्रयशक्ती नाही आणि वाचाही नाही, अशांसाठी ते गुंतविणारे विरळा. परंतु या भांडवलाने श्रोते मिळतात, सत्य मिळत नाही. व्यासपीठावरील टाळ्या गोठ्यातील पुराव्याची जागा घेऊ शकत नाहीत. मे यांच्या उत्तरायुष्याचे मोल त्यांनी मोर्चे काढले यात जितके आहे, त्याहून अधिक ते आपल्या विरोधकाच्या गोठ्यात शिरून त्याचे दुःख समजून घेण्यात आहे. मुक्या जिवाची बाजू घेणाऱ्याने बोलत्या माणसाचेही ऐकावे लागते, हा धडा मोहिमा काढणाऱ्या प्रत्येकाने घेण्यासारखा आहे.