गाण्यातली गोष्ट : ऑपेरा आणि संगीत नाटक

ऑपेरा : गाण्यातून उलगडणारे नाटक. उगम इटलीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. बहुतेक ऑपेरांत संवादही गायले जातात. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मध्ये (1791) मात्र बोललेले संवाद आहेत, त्यामुळे तो आपल्या संगीत नाटकाला जवळचा. हुम्परडिंकचा ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ (1893) परीकथेवरचा, मुलांच्या खास आवडीचा.

संगीत नाटक : गद्य संवाद आणि पदे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले, ‘संगीत सौभद्र’ 1882 मध्ये.

मुलांना हे सांगताना सुरुवात कुठून? ‘सौभद्र’पासून. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे. तिचे मन अर्जुनावर. अर्जुन संन्याशाचा वेश घेतो, सूत्रे हलवतो कृष्ण. आधी गोष्ट सांगावी, मग मुलांनी वेश घेऊन प्रसंग करावा, पद शेवटी ऐकवावे. वेशांतर मुलांना लगेच कळते.

बालरंगभूमी : सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ 1959 मध्ये मुंबईत सादर केले.

महाराष्ट्राबाहेरही हे मुलांना सांगता येते, उदा. चलथाणला : हे गुजरातमधल्या सुरत जिल्ह्यातील साखर कारखान्याचे गाव, सुरत-भुसावळ लोहमार्गावर. सुरत परिसरात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. गुजरातीतही गाण्यांची नाट्यपरंपरा आहे : भवाई.