सायबर फसवणूक आणि माणसाचा दोष: काही रूढ समज

सायबर फसवणुकीची बातमी आली की चर्चेचा रोख बहुधा फसलेल्या व्यक्तीच्या शहाणपणाकडे वळतो. यंत्रणा भक्कम होती, माणूस तेवढा कच्चा निघाला, असा निष्कर्ष काढला जातो. संस्थांना हा निष्कर्ष सोयीचा असतो, कारण त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या जबाबदारीचा प्रश्न मागे पडतो. मात्र त्यातून रूढ झालेले समज फसवणुकीइतकेच हानिकारक आहेत.

त्यांपैकी सर्वांत खोलवर रुजलेला समज असा की, केवळ अशिक्षित किंवा भोळी माणसेच जाळ्यात सापडतात. ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने देशभर बोकाळलेल्या प्रकाराने तो खोटा ठरवला आहे. पोलीस, सीबीआय किंवा ईडीचा अधिकारी असल्याचे भासवून व्हिडिओ कॉल करायचा, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे किंवा बँक खात्यातून काळा पैसा फिरल्याचे सांगायचे, तासन्‌तास कॅमेऱ्यासमोरून हलू द्यायचे नाही, घरच्यांशी बोलू द्यायचे नाही आणि अखेर ‘पडताळणी’च्या नावाखाली रक्कम दुसऱ्या खात्यात वळती करून घ्यायची, अशी ही पद्धत असून तिच्या बळींमध्ये डॉक्टर, प्राध्यापक आणि निवृत्त अधिकारीही आहेत. अधिकारवाणीपुढे विचारशक्ती कशी दबते, हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून ज्ञात आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात १९६१ साली सुरू केलेल्या प्रयोगांपैकी सर्वाधिक गाजलेल्या प्रयोगात, समोरच्याला आपण विजेचे धक्के देत आहोत अशी समजूत करून दिलेल्या ४० सहभागींपैकी २६ जण प्रयोगशाळेतील व्यक्तीच्या सूचनेबरहुकूम ४५० व्होल्टच्या अखेरच्या कळीपर्यंत गेले होते. त्यात एकाकीपणा, घाई आणि बदनामीची भीती मिसळली, की पदवी फारशी कामाला येत नाही. उलट कायदा पाळण्याची सवय असलेला माणूस अशा वेळी अधिक सहजपणे शरण जातो. अशा प्रसंगी उपयोगी पडणारी माहिती अगदी साधी आहे: भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद नाही, आणि खऱ्या अटकेनंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार त्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते.

माणसाकडून अवास्तव अपेक्षा ठेवायच्या आणि त्या पूर्ण झाल्या नाहीत की त्यालाच दोष द्यायचा, ही वृत्ती पासवर्डच्या नियमांतही दिसते. दर काही आठवड्यांनी पासवर्ड बदलल्याने सुरक्षा वाढते, असे अनेक कार्यालये अजूनही मानतात. प्रत्यक्षात अशा सक्तीमुळे लोक जुन्याच शब्दापुढचा आकडा एकाने वाढवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, २०१७ च्या मार्गदर्शिकेत ही कालबद्ध सक्ती नको, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलायला लावावा, असे स्पष्ट केले. ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे संकेतस्थळ विश्वासार्ह, हा समजही तसाच फसवा आहे: वापरकर्ता आणि संकेतस्थळ यांच्यातील देवाणघेवाण सांकेतिक रूपात होते, एवढेच ते सांगते, संकेतस्थळाचा मालक प्रामाणिक असल्याची ग्वाही ते देत नाही. याच गैरसमजामुळे गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्ह हटवले.

ओटीपी स्वतःच सांगितला, तेव्हा तक्रार करून काय उपयोग, हा समज सर्वांत महागात पडतो. चोरलेली रक्कम काढून घेण्यापूर्वी सहसा एकामागून एक अनेक खात्यांतून फिरवली जाते. ही खाती पुष्कळदा मोबदला घेऊन वापरू दिलेली असतात आणि त्यांना ‘म्यूल खाती’ म्हणतात. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर ती संबंधित बँकांकडे पोहोचते आणि त्या साखळीत जिथे रक्कम शिल्लक असेल तिथे ती गोठवता येते, म्हणून पहिले काही तास निर्णायक असतात. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही हाच वेळेचा विचार आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असले, तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे आहे, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच आहे. फसलेल्याची हेटाळणी करणारे नातेवाईक, सहकारी आणि ठाण्यातील कर्मचारी नेमके हेच मोलाचे तास वाया घालवतात, कारण लाजेने माणूस गप्प बसतो.

संस्थांचे मौन मात्र लाजेपेक्षा हिशेबातून येते, आणि माहितीची चोरी लपवल्याने ग्राहकांचा विश्वास टिकतो, हा त्यामागचा समज असतो. ‘उबर’ कंपनीचे तत्कालीन सुरक्षाप्रमुख जो सुलिव्हन यांचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. २०१६ मध्ये सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोरांना एक लाख डॉलर देण्यात आले आणि ही रक्कम ‘बग बाउंटी’ची, म्हणजे प्रणालीतील त्रुटी प्रामाणिकपणे दाखवून देणाऱ्याला मिळणाऱ्या बक्षिसाची, असल्याचे भासवण्यात आले, माहिती घेतलीच नव्हती, असे खोटे कलम असलेल्या गोपनीयता करारावर चोरांच्या सह्या घेतल्या गेल्या. विशेष म्हणजे त्याच काळात आधीच्या एका चोरीबद्दल अमेरिकी संघीय व्यापार आयोगाची चौकशी चालू होती, आणि सुलिव्हन स्वतः पूर्वी सरकारी वकील होते. तेव्हा अज्ञानाची सबब त्यांना उपलब्ध नव्हती. कंपनीच्या नव्या नेतृत्वाने २०१७ मध्ये हे प्रकरण उघड केले, २०२२ मध्ये ज्यूरीने सुलिव्हन यांना चौकशीत अडथळा आणल्याबद्दल व गुन्हा दडवल्याबद्दल दोषी ठरवले, आणि २०२३ मध्ये त्यांना तीन वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा झाली.

भारतात ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनांची माहिती सहा तासांत कळवणे संस्थांना बंधनकारक आहे. तथापि शासनाला कळवले म्हणजे कर्तव्य संपले, असे समजणेही अपुरे आहे, कारण नुकसान ज्याचे होते तो नागरिक या व्यवहारात कुठेच नसतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही उणीव ओळखली असून, माहिती फुटल्यास माहिती संरक्षण मंडळाबरोबरच बाधित झालेल्या प्रत्येक व्यक्तीला तसे कळवण्याचे दायित्व त्यात घातले आहे आणि ते न पाळणाऱ्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे.