डोक्यास मार आणि दुसऱ्याची हयगय

बदलापूर गांवाहून दुचाकीनें बाजारास निघालेला शेतकरी रस्त्यांतील खड्ड्यांत आपटला आणि रक्त निघालें नाहीं, तर तो कपडे झाडून कामास लागतो. हें घातक आहे. बाहेर जखम नसतांहि मेंदूस हादरा बसतो. त्यास शुद्ध हरपलीच पाहिजे असें नाहीं. क्वचित् कवटीच्या आंत रक्तस्राव होऊन कांहीं तासांनीं प्रकृति एकाएकीं बिघडते. म्हणून पहिले दोन दिवस जखमीस एकटें ठेवूं नये. वारंवार वांति, वाढती डोकेदुखी, जागें करूनहि न उठणें, बोलण्यांत घोटाळा किंवा आंचके आढळल्यास तत्काळ इस्पितळ गांठावें. डॉक्टर परवानगी देईपर्यंत ट्रॅक्टर चालवूं नये, झाडावर चढूं नये.

दुसरी गोष्ट हक्काची. मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२५ मध्यें असा आदेश दिला कीं, खड्डा किंवा झांकण नसलेलें गटार ह्यांमुळें मृत्यु आल्यास वारसांस ६ लाख रुपये, व इजा झाल्यास तिच्या मानानें ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी. वाहनाच्या धडकेचा दावा मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें चालतो.

दोन्हीकडे पुरावा लागतो. तेव्हां त्याच दिवशीं डॉक्टरी तपासणी, पोलिसांत नोंद व जागेचें छायाचित्र हीं तिन्हीं करून घ्यावींत. चार दिवसांनीं डोकें दुखूं लागेपर्यंत खड्डा बुजलेला असतो आणि साक्षीदार पांगलेले असतात.