लाकडी मचाणाचे संरक्षण : द्रावण लेपावे, फवारावे की मुरवावे?

आसाम, त्रिपुरा यांसारख्या अतिपर्जन्य राज्यांत शेळ्यांसाठी जमिनीपासून उंच असे बांबूचे वा लाकडाचे मचाण बांधतात. कोकणातही अशी रचना उपयुक्त ठरते. मात्र मचाणातून पिवळसर भुकटी गळू लागली, की वरून ब्रशने औषध लावूनही उपद्रव थांबत नाही. कीड लाकडात कोठून शिरते, हे जाणूनच पद्धत निवडावी.

किडीचा मार्ग

बांबूची बाह्य साल गुळगुळीत व सिलिकायुक्त असते. पिष्टमय अंश खाणारा डायनोडेरस भुंगेरा म्हणून मुख्यतः कापलेल्या टोकांतून, छाटलेल्या पेरांतून व आतील बाजूने प्रवेश करतो. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत खांबांवर चढते.

पद्धतींची तुलना

*ब्रशने लेपन :* द्रावण काही मिलिमीटरपलीकडे क्वचितच जाते. तयार मचाणाची देखभाल, सांधे व ताजे छेद यांपुरते हे योग्य.

*फवारणी :* खोली लेपनाइतकीच. शिवाय द्रावण वाया जाते. अरुंद फटींसाठीच वापरावी. पिकांचा फवारणी पंप यासाठी वापरू नये.

*मुरवण :* नव्या बांधकामासाठी सर्वोत्तम. १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक आम्ल व ३ किलो बोरॅक्स विरघळवावे. कोमट पाण्यात ते लवकर विरघळतात. ताज्या बांबूच्या फोडलेल्या पट्ट्या सुमारे आठवडाभर पूर्ण बुडवून ठेवाव्यात. अखंड बांबूची आतील पेरे आधी छेदावीत. ओल्या लाकडात बोरॉन हळूहळू आत पसरते. त्यानंतर सावलीत सुकवावे.

वरचा जलरोधक थर

बोरॉन क्षार पाण्यात विरघळतात. पाऊस व मूत्र यांमुळे ते धुपतात. उलट, केवळ तेलाचा थर पाणी अडवतो, भुंगेरा नव्हे. म्हणून मुरवण व लेपन हे पर्याय नसून क्रमाने येणारे टप्पे आहेत. पृष्ठभागावर टाकलेले पाण्याचे थेंब लवकर शोषले गेले, तर लाकूड लेपनास तयार समजावे. जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत. न शोषलेले तेल पुसावे व कापलेल्या टोकांना अधिक पाजावे. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

जमिनीत रोवायच्या खांबांना ही प्रक्रिया पुरेशी नाही. ते दगडी वा काँक्रीटच्या पायावर उभे करावेत, आणि वाळवीच्या नळ्या नियमित पाहून मोडाव्यात.

दक्षता

जनावरे चाटतात अशा फळ्यांना आर्सेनिकयुक्त रसायन वा क्रिओसोट लावू नये. तेल पूर्ण वाळल्यावरच शेळ्या मचाणावर चढवाव्यात. उरलेले बोरॉन द्रावण शेतात ओतू नये : पिकांना उपकारक व अपायकारक मात्रांतील अंतर फार कमी असते. गाळून, झाकून ते पुढील पट्ट्यांसाठी वापरावे.