गाठ लहान झाली म्हणून थांबू नका



वळसंग आणि आसपासच्या वस्त्या-तांड्यांवर फिरताना स्तनाच्या कर्करोगाबद्दल मला पहिला प्रश्न येतो तो असा : "ताई, बाई वाचेल का?" मी उलट विचारते, "पुढचे आठ-दहा महिने तिला दवाखान्यात कोण नेणार?" रोग लवकर सापडला आणि उपचार पुरे झाले, तर पुष्कळ बायका बऱ्या होतात. पण गाडीभाडे नाही, मजुरी बुडते, लेकरांना कोण बघणार, अशा कारणांनी उपचार मध्येच सुटतात.

उपचाराचा क्रम घरच्यांनी आधीच समजून घ्यावा. शस्त्रक्रिया, केमो म्हणजे सलाईनमधून दिलेले औषध, आणि किरणोपचार, ज्याला आपल्याकडे 'शेक' म्हणतात. कोणाला काय आणि कोणत्या क्रमाने, हे डॉक्टर तपासणीवरून ठरवतात. केमो बहुधा दर 21 दिवसांनी असतो. शेक आठवड्यातले पाच दिवस, काही आठवडे चालतो. काहींना पुढे पाच वर्षे किंवा जास्त रोज गोळी घ्यावी लागते.

कधी कधी केमो आधी देतात. दोन-तीन डोसांत गाठ लहान होते आणि घरचे म्हणतात, "बरी झाली, आता कशाला खर्च?" इथेच घात होतो. गाठ हाताला लागली नाही तरी रोग आत असू शकतो. प्रार्थना जरूर करा, आणि दिलेल्या तारखेला दवाखान्यातही जा.

काही गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळतात; उपचार संपल्यावर परत येतात. हा रोग शिवल्याने लागत नाही, तिचे ताट वेगळे करू नका. केमो चालू असताना 100.4 अंशांच्या वर ताप आला, तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तो हात सुजू शकतो. सांगितलेला व्यायाम रोज करावा. हंडा, सरपणाची मोळी उचलण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन 'आरोग्यमित्रा'ला भेटा. पारधी वस्तीवर कित्येक घरांत रेशन कार्डच नसते. ते आजारपणाची वाट न पाहता काढून ठेवा. उपचारासाठी रेल्वेने जाताना स्लीपर डब्यात रुग्णाला तिकीट माफ असते आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईला टाटा रुग्णालयात जावे लागले, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते.

आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तिथे 1987 साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत आणि शंका असलेल्यांना तपासणीला यायला सांगत. घरापर्यंत कोणी आले की माणूस दवाखान्यापर्यंत जातो.

हेच आपल्या वस्तीवर करता येते. "काही लागले तर सांग," असे म्हटल्याने बाई काही सांगत नाही. कामे वाटून घ्या. एकीने सोबत जायचे, दुसरीने त्या दिवशी भाकरी करायची, तिसरीने लेकरे सांभाळायची, एकाने तारखा आणि कागद जपायचे. जी बाई या उपचारातून उठली आहे तिला नव्या रुग्णाच्या घरी घेऊन जा. केस परत आलेले डोळ्यांनी दिसले की आमच्या बोलण्यापेक्षा जास्त धीर येतो.

आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बहिणीने गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नये. आशाताईला सांगा, आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. लाजेपायी गेलेला महिना परत मिळत नाही.