दिव्यत्व नको, हक्क हवा

आमच्या विहारात दर रविवारी वंदनेला येणारा एक कार्यकर्ता जन्मापासून अंध आहे. त्रिसरण-पंचशील त्याच्याइतके स्वच्छ म्हणणारा आमच्याकडे दुसरा नाही. २०११ साली तो एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागला. पगारासाठी खाते उघडायला बँकेत गेला तेव्हा तिथल्या साहेबांनी सांगितले, "भावाबरोबर जोडखाते काढा. एटीएम कार्ड मिळणार नाही, चेकबुकही नाही. उद्या तुम्हाला कोणी फसवले तर जबाबदार कोण?" साहेब उद्धट बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी विचारले. फक्त त्याचा स्वतःच्या पैशावरचा हक्क तेवढा काढून घेतला.

वर्षभर त्याचा पगार जोडखात्यात जमा होत राहिला. पगार झाला की नाही, हे भावाने सांगितले तरच त्याला कळायचे. भाऊ वाईट नाही. पण स्वतःच्या कमाईतून आईला लुगडे घ्यायचे तरी याला भावापुढे हात पसरावा लागे. शेवटी तो माझ्याकडे आला. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. करार करायला कोण पात्र, हे त्याच्या कलम ११ मध्ये लिहिले आहे. माणूस सज्ञान असावा, त्याचे मन ठिकाणावर असावे आणि कोणत्याही कायद्याने त्याला अपात्र ठरवलेले नसावे. डोळ्यांचा त्यात उल्लेख नाही. इंग्रजांनी केलेल्या कायद्यातही नाही! शिवाय रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ च्या परिपत्रकात सर्व बँकांना स्पष्ट बजावले होते की अंध व्यक्ती करार करण्यास पात्र आहे, तिला चेकबुक, एटीएम, लॉकर यांसह सर्व सेवा भेदभाव न करता द्याव्यात. त्या परिपत्रकाची प्रत घेऊन मी गेलो. साहेबांनी ते कधी वाचलेच नव्हते. पुढे पंधरा दिवसांत कार्ड आले.

आपण लढाई जिंकली असे मला तेव्हा वाटले होते. काही वर्षांनी तोच पुन्हा माझ्यासमोर बसला. या वेळी साहेब नव्हते, फोनचा पडदा होता. एका खाजगी कंपनीच्या अ‍ॅपवर तो केवायसी करीत होता. पडदा म्हणे, "चेहरा चौकटीत आणा. आता डोळे मिचकवा." चौकट कुठे आहे हे त्याला दिसत नाही आणि त्याचे डोळे हुकुमावर मिचकत नाहीत. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा वेळ संपली. २०११ चा साहेब निदान माणूस होता, त्याच्यापुढे परिपत्रक आपटता येत होते. यंत्रासमोर वकिलाने काय आपटायचे?

इथे मला महाड आठवते. तुलना जपून केली पाहिजे. अस्पृश्यता ही माणसाच्या स्पर्शाला विटाळ मानणारी धर्मव्यवस्था होती, तिची बरोबरी कशाशीच होत नाही. पण दार बंद ठेवण्याच्या पद्धती सारख्या असतात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर सगळे झाले होते. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. कारण ठरावात शिफारस होती, सक्ती नव्हती.

अंध आणि इतर अपंग बांधवांच्या बाबतीत हेच घडले. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला, त्याने नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण दिले. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आरक्षण चार टक्के झाले, त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. कलम ४२ म्हणते की इलेक्ट्रॉनिक माध्यमातली सर्व माहिती व सेवा अपंगांना वापरता येतील अशा असाव्यात. छान. पण हे कशा रीतीने करायचे ते सांगणारे २०१७ च्या नियमांतले नियम १५ नुसतीच मार्गदर्शक तत्त्वे सांगत होते. राजीव रतुरी या दृष्टिबाधित कार्यकर्त्याने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्या याचिकेत ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने सांगितले की मूळ कायदा सक्तीचा आणि नियम मात्र ऐच्छिक, हे चालणार नाही. नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवून सरकारला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितले. २००५ ते २०२४. एक पिढी शाळेतून निघून नोकरीला लागेल एवढा हा काळ आहे.

त्या डोळे मिचकवण्याचा निकालही लागला. ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. पहिली याचिका अ‍ॅसिडहल्ल्यातून बचावलेल्यांची होती, दुसरी मुंबईतल्या एका अंध वकिलाची. डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. ग्राहक जिवंत आहे हे पाहण्यासाठी डोळे मिचकवण्याखेरीज दुसरे मार्ग द्या, अंगठ्याचा ठसा नाकारू नका, हे त्यात आले. त्याच वर्षी ३ मार्चला त्याच न्यायालयाने अंध उमेदवारांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि अंध माणसाला मात्र न्यायाधीश होऊ द्यायचे नाही, हा विनोद आपल्याकडे कितीतरी वर्षे चालला.

तंत्रज्ञान म्हणजे शत्रू, असा कोणी अर्थ घेऊ नये. गाडगेबाबांच्या हातात खराटा होता तसे हे साधन आहे, कोण कसे वापरतो यावर सगळे. अंध माणूस फोन कसा वापरतो हे आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेले नसते. फोनमध्येच टॉकबॅक नावाची सोय असते. बोट पडद्यावरून फिरवले की बोटाखाली काय आहे ते फोन बोलतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडते. आमचा कार्यकर्ता हा आवाज एवढ्या वेगाने ऐकतो की मला एक शब्द कळत नाही. संगणकावर एनव्हीडीए नावाचे सॉफ्टवेअर आहे, २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी त्याचे काम सुरू केले. बाजारातली अशी सॉफ्टवेअरे हजारो रुपयांना मिळत. या दोघांनी ते सर्वांना मोफत दिले. मराठीही ते वाचते, उच्चार यांत्रिक असले तरी. माझ्या दृष्टीने हे दानपारमितेचे उदाहरण आहे. कोणी यावर प्रवचन देत नाही, हे वेगळे!

पण अ‍ॅप बनवणाऱ्याने बटनाला नाव दिले नाही, तर टॉकबॅक फक्त "बटन, बटन, बटन" एवढेच म्हणतो. यातले 'पैसे पाठवा' कोणते आणि 'रद्द करा' कोणते? नाव लिहायला मिनिटभरही लागत नाही. अक्षरे वेडीवाकडी करून दाखवणारे कॅप्चा, ऐकण्याचा पर्याय नसेल तर, अंध माणसाला यंत्र समजून बाहेर काढतात. दुकानांतली कार्डाची जुनी यंत्रे बटनांची होती, पाचाच्या आकड्यावर उंचवटा असे, त्यावरून बाकीचे आकडे बोटांना सापडत. आता काही यंत्रांवर सपाट काच आली आहे. मग गल्ल्यावरच्या पोराला आपला गुप्त क्रमांक मोठ्याने सांगायचा, रांगेतल्या सगळ्यांनी ऐकायचा. प्रगती झाली म्हणायची!

नोटांचेही तेच. जुनी पाचशेची नोट १६७ मिलिमीटर लांब आणि शंभराची १५७. एका सेंटिमीटरचा फरक बोटांना कळत होता. २०१६ नंतरच्या नोटांत पाचशेची १५०, दोनशेची १४६ आणि शंभराची १४२. रुंदी सर्वांची ६६. चार मिलिमीटरचा फरक बाजारात, घाईत, घामेजल्या हाताने ओळखून दाखवा. कडेला उठावाच्या रेषा आहेत, पण नोट वापरून मऊ झाली की त्या झिजतात. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेला यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. १ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून बोलणारे 'मनी' हे अ‍ॅप काढले. चांगले आहे. पण भाजीवालीकडून सुटे घेताना फोन काढायचा, नोट नीट समोर धरायची, हे रोज किती वेळा करायचे? आणि ज्या अंध बाईकडे असा फोनच नाही, तिचे काय?

हा प्रश्न आपल्या वस्तीचा आहे, म्हणून या स्तंभात लिहितो आहे. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचे अपंगत्व असलेले ५० लाखांहून अधिक लोक मोजले गेले, त्यातले सुमारे ५ लाख ७४ हजार महाराष्ट्रातले. त्याच जनगणनेत अनुसूचित जातींमध्ये अपंगत्वाचे प्रमाण २.४५ टक्के निघाले, तर अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांत २.१८ टक्के. हा फरक आकाशातून पडला का? पोटात अन्न नाही, लहानपणी 'अ' जीवनसत्त्व नाही, खाणीत आणि चुनाभट्टीत डोळ्यांना संरक्षण नाही, मोतीबिंदू पिकून नजर जाईपर्यंत मजुरी बुडवून इस्पितळात जायला सवड नाही. आपल्या माणसांच्या डोळ्यांचा हिशेब असा आहे.

आणि यावर उत्तर काय, तर मागच्या जन्मीचे कर्म! धम्मपदाच्या पहिल्याच गाथेच्या अट्ठकथेत चक्खुपाल नावाच्या अंध अर्हताची गोष्ट येते. पूर्वजन्मी वैद्य असताना त्याने एका स्त्रीचे डोळे घालवले, म्हणून या जन्मी त्याचे गेले, असे ती सांगते. आपल्यातलेही काही जण ही गोष्ट भक्तिभावाने सांगतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीचे कर्म या जन्मी भोगावे लागते हा सिद्धांत बुद्धाचा मानला नाही, तो ब्राह्मणी विचारातला ठरवून दूर सारला. दलिताला जातीचे कारण कर्म सांगणे जसे खोटे, तसेच अंधाला डोळ्यांचे. विहारात ही गोष्ट सांगणाऱ्याने समोर कोण बसले आहे ते आधी पाहावे.

'दिव्यांग' या शब्दाबद्दलही बोललेच पाहिजे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी तो सुचवला आणि सरकारी कागदांवर तोच चालू झाला. कायद्याच्या नावात आहे म्हणून वर मलाही लिहावा लागला. अपंगांच्या संघटनांतून तेव्हाच विरोध झाला होता. आम्हाला तो विरोध समजायला वेळ लागत नाही, कारण आम्हाला कोणीतरी 'हरिजन' म्हणाले होते. ज्याला हक्क द्यायचा नाही त्याला देवाचा माणूस करायचे, ही युक्ती जुनी आहे. माझ्या अंध मित्राच्या अंगात कसलेही दिव्य नाही. तो लिपिक आहे, कधी कधी फाइल उशिरा काढतो आणि क्रिकेटवर तासभर वाद घालतो.

आता थोडे आपल्या घरात पाहू. चौदा एप्रिलला आपण अंधशाळेत फळे वाटतो, फोटो काढतो. त्याच दिवशी निघालेली आपली स्मरणिका त्या शाळेतला एकही विद्यार्थी वाचू शकत नाही. आपली बरीचशी पुस्तके, पत्रके जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप झालेली आहेत. आपल्याला डोळ्यांनी 'समता' दिसते, पण संगणकाच्या पोटात तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो, ऐकणाऱ्याला नुसता गोंधळ ऐकू येतो. युनिकोडमध्ये टाइप केले की हा प्रश्न उरत नाही. दुसरा रोग पीडीएफचा. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'च्या अंकांची छायाचित्रे आपण एकमेकांना अभिमानाने पाठवतो. अंध माणसाच्या फोनसाठी ते कोरे चित्र असते. आणि हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? त्या बँकेच्या प्रकरणात मी त्याला त्याच्याच अर्जाची प्रत स्कॅन करून पाठवली होती. आपल्या वकिलाने आपल्या नावाने काय लिहिले, हे त्याने शेजारच्या मुलाकडून वाचवून घेतले. बँकेच्या साहेबांना कायदा शिकवून आलेला मी!

कायद्याची अडचण आहे म्हणणाऱ्यांसाठी एवढेच. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम ५२(१)(झेडबी) प्रमाणे अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करणे, नफ्याचा हेतू नसेल तर, हक्कभंग होत नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या स्वतःच्या लेखनावरचा कॉपीराइट तर २०१६ अखेर संपला. भाषांतरांचा वेगळा असू शकतो, पण तिथे वरचे कलम आहेच. दृष्टिबाधितांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाले. अडथळा आहे तो बसून टाइप करण्याचा आणि तपासण्याचा.

आमच्या विहारातल्या चार मुलांनी आपल्या जिल्ह्यातल्या चळवळीच्या आठवणींचे एक जुने पुस्तक गेल्या पावसाळ्यात घेतले. पाने स्कॅन करायची, सॉफ्टवेअरने अक्षरे ओळखून घ्यायची, मग चुका काढायच्या. सॉफ्टवेअर 'धम्म'चे 'घम्म' करते, 'भीम'चे 'मीम' करते. मुलांच्या नजरेतून हे सुटते, कारण डोळा सवयीने बरोबरच वाचतो. म्हणून शेवटचा हात आमच्या लिपिकाचा. तो प्रत्येक पान कानाने तपासतो आणि चूक सापडली की लगेच फोन करतो, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. परवा म्हणाला, "वकीलसाहेब, बेचाळिसाव्या पानावर 'समता'चे 'ममता' झाले आहे, पोरांना सांगा." सांगितले. अजून एकशे साठ पाने व्हायची आहेत.