सेन नदीकाठचा लाँबेर वाडा

पॅरिसमध्ये सेन नदीच्या पात्रात सँ-लुई नावाचं एक छोटं बेट आहे. त्याच्या पूर्व टोकाला ‘ओतेल लाँबेर’ उभा आहे. नाव ओतेल असलं तरी इथे खोली भाड्याने मिळत नाही. हा एका धनिकाचा शहरातला वाडा.

सरकारी पैशाच्या व्यवहारांत गब्बर झालेल्या झाँ-बातिस्त लाँबेरने 1640च्या सुमारास तो बांधायला घेतला आणि काम दिलं लुई ल व्हो या तिशीही न गाठलेल्या वास्तुकाराला. चारच वर्षांत मालक वारला. पुढचं सगळं धाकटा भाऊ निकोला याने निस्तरलं.

त्या काळच्या पॅरिसच्या वाड्यांचा नकाशा ठरलेला असे: रस्त्यावर भक्कम दरवाजा, आत चौक, चौकापलीकडे राहतं घर आणि घरामागे बाग. ल व्होने इथे तो मोडला. जागा बेटाच्या टोकावरची, म्हणजे बाग मागे ढकलली तर नदीचा देखावा वाया जाणार. म्हणून त्याने बाग चौकाच्या बाजूला, नदीकाठच्या रस्त्यापेक्षा उंचावर ठेवली आणि तिच्या कडेने एक लांबलचक दालन थेट नदीच्या दिशेने काढलं. चौकात शिरलं की समोर जिना. तो चढून लंबगोल दिवाणखान्यात यायचं आणि तिथून या दालनात. दालनाचं टोक गोलाकार असून खिडक्यांतून सेन दिसते. अरुंद गल्लीतून आत आलेल्या पाहुण्याला एवढं आभाळ एकदम दाखवायचं, ही ल व्होची खरी हुशारी.

दालनाच्या छतावर शार्ल ल ब्रँने हर्क्युलिसची कथा रंगवली. पुढे व्हर्सायच्या राजवाड्यावर ल व्हो आणि ल ब्रँ दोघेही राबले, तेव्हा त्या थाटाची रंगीत तालीम इथेच झाली असं म्हणायला हरकत नाही. इतर खोल्या रंगवल्या अस्टाश ल स्युअरने. प्रेमदेवतेची एक, कलादेवींची एक, शिवाय वरच्या मजल्यावर स्नानाची एक लहानशी खोली.

पहिल्या दोन खोल्यांतली चित्रं 1776मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्यासाठी विकत घेतली गेली. भिंती उघड्या पडल्या. वाड्याची शोभा अशी उपटून नेणं कोणत्याही वारसाप्रेमीला खटकेल, मलाही खटकतं.

मधल्या काळात मालक बदलत राहिले. लेखक व्होल्तेरची मैत्रीण, गणिती एमिली द्यु शातले हिच्या कुटुंबाकडेही वाडा काही वर्षं होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे लष्कराच्या खाटा साठवल्या जात. 1843मध्ये निर्वासित पोलिश राजपुत्र आदाम चार्तोरिस्कीने तो घेतला आणि पारतंत्र्यातल्या पोलंडचं राजकारण इथून चालू लागलं. संगीतकार शोपँचीही इथे ऊठबस असे. 1862मध्ये वाडा संरक्षित स्मारकांच्या यादीत आला.

पण यादीत आला म्हणून खाजगी मालकी संपत नाही. 2007मध्ये कतारच्या राजघराण्याने तो रॉथ्सचाइल्ड कुटुंबाकडून घेतला. दुरुस्तीच्या आराखड्यात मोटारींसाठी भुयारी जागा आणि लिफ्टसुद्धा होती. सांस्कृतिक मंत्रालयाने परवानगी दिली होती, तरी जुन्या पॅरिससाठी झटणारी एक संस्था कोर्टात गेली. सप्टेंबर 2009मध्ये कोर्टाने काम थांबवलं आणि जानेवारी 2010मध्ये तडजोड झाली. मोटारींचा बेत गुंडाळला गेला. मालकाच्या हौसेला कायदा वेसण घालू शकतो, हे त्यातून दिसलं.

आगीला मात्र कोण वेसण घालणार? जुलै 2013मध्ये, दुरुस्ती चालू असतानाच, एका रात्री छप्पर पेटलं. ल ब्रँचं दालन धूर आणि पाणी सोसून वाचलं. ल स्युअरने सजवलेली स्नानाची खोली, जी साडेतीन शतकांहून अधिक काळ जागच्या जागी सांभाळली गेली होती, ती जळून गेली. ज्यांचं उपटून नेणं मला खटकलं, ती राजाने उचलून नेलेली चित्रं मात्र आज लूव्र संग्रहालयात आहेत आणि तिकीट काढून कोणालाही पाहता येतात.